शाहू, बाजीराव, चिमाजी... पण कोणते? एकाच नावाची माणसं कागदात कशी ओळखायची

दफ्तरखाना

समजा, तुमच्यासमोर एक मोडी कागद आहे. वरचा भाग फाटलाय, सन दिसत नाही. मजकुरात साताऱ्याचे शाहू छत्रपती आहेत, पेशवे बाजीराव आहेत, त्यांचे बंधू चिमणाजी आप्पा आहेत, नागपूरकर रघूजी भोसल्यांचा उल्लेख आहे आणि गाव आहे वसई. दहापैकी नऊ जण लगेच १७३९ लिहून मोकळे होतील. वसई चिमाजी आप्पांनी घेतली, थोरले बाजीराव, थोरले शाहू, सगळं जुळतं.

पण हीच पाचही नावं १८०२ लाही तशीच्या तशी जुळतात. गादीवर दुसरे शाहू (१७७७ ते १८०८), पेशवे दुसरे बाजीराव, त्यांचे धाकटे बंधू चिमणाजी आप्पा, नागपुरात दुसरे रघूजी (१७८८ ते १८१६), आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी तह झाला तो वसईलाच. मधे त्रेसष्ट वर्षं गेली आहेत आणि राज्य पुरतं बदललं आहे.

हा निव्वळ योगायोग नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत यामागे आहे. रघुनाथरावांनी मुलाला वडिलांचं नाव दिलं, म्हणून बाजीराव. धाकट्याला रघुनाथरावांच्या चुलत्यांचं नाव मिळालं, म्हणून चिमणाजी. भोसल्यांकडेही तेच. छत्रपती राजारामांचा मुलगा शिवाजी, त्या शिवाजीचा मुलगा पुन्हा राजाराम, ज्यांना आपण रामराजा म्हणतो. त्यामुळे नावावरून माणूस ठरवायला गेलं तर साधारण दोन पिढ्यांच्या अंतरावर चूक होते, आणि पन्नास-साठ वर्षांच्या फरकाने आडनाव, गाव, हुद्दा हे सगळं तेच राहिलेलं असतं.

माझ्या मते पहिली खूण वडिलांच्या नावाची. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव येतं, मग ‘हर्षनिधान’, मग पेशव्याचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव, शेवटी ‘मुख्य प्रधान’. थोरले बाजीराव ‘बाजीराव बल्लाळ’, म्हणजे बाळाजींचे चिरंजीव. दुसरे ‘बाजीराव रघुनाथ’. थोरले माधवराव ‘माधवराव बल्लाळ’, सवाई ‘माधवराव नारायण’. शिक्क्याचा अर्धा भाग जरी शाबूत असला आणि त्यात ‘बल्लाळ’ की ‘रघुनाथ’ एवढं वाचता आलं, तरी वाद संपला.

छत्रपतींच्या मुद्राही हेच सांगतात. शिवाजी महाराजांच्या मुद्रेत ‘शाहसूनोः शिवस्य’, संभाजी महाराजांच्या मुद्रेत ‘शंभोः शिवजातस्य’. दोन्हीकडे बाप कोण ते सांगितलंय.

इतरांनी भर घालावी. फक्त ढोबळ ‘संदर्भ पाहावा’ असं नको, नेमकं काय आणि कुठे पाहायचं ते लिहा.

मृगसाल

फार चांगला धागा. शिक्का नसलेले कागद मात्र शिक्का असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडतात. तिथे सुहूर सनाशिवाय (मराठी कागदांत चालणारी एक कालगणना) गत्यंतर नाही.

कागदात ‘सु॥’ असं लिहून पुढे अरबी अंकशब्द येतात. क्रम उलटा असतो: आधी एकं, मग दहं, मग शे, मग हजार. एकं: इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहं: अशर (१०), अशरीन (२०), सलासीन (३०), आर्बैन (४०), खमसैन (५०), सितैन (६०), सबैन (७०), समानीन (८०), तिसैन (९०). शंभर म्हणजे मया, दोनशे म्हणजे मयातैन, हजार म्हणजे अलफ. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, सुहूर ११६१, पानिपतचं साल.

इसवी सन काढताना ६०० मिळवायचे की ५९९, हे महिन्यावर ठरतं. सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पानिपत १४ जानेवारीला, म्हणून ११६१ + ६०० = १७६१.

आता दफ्तरखाना यांचा कागद घ्या. वसईचा किल्ला पडला मे १७३९ मध्ये, मृगाच्या आधी, म्हणून सुहूर ११३९: ‘तिसा सलासीन मया व अलफ’. वसईचा तह डिसेंबर १८०२ मधला, म्हणून १८०२ − ५९९ = १२०३: ‘सलास मयातैन व अलफ’. थोरल्या बाजीरावांची सगळी कारकीर्द ‘अशरीन’ ते ‘आर्बैन’ मध्ये बसते आणि शेकडा ‘मया’ असतो. दुसऱ्या बाजीरावांचा कागद ‘सबा तिसैन मया’ च्या आधीचा असूच शकत नाही (पेशवाई डिसेंबर १७९६ ची), आणि १७९९ च्या मृगापासून पुढे ‘मयातैन’ लागतो. त्यामुळे साल पूर्ण वाचता नाही आलं तरी चालतं. शेकड्याच्या शब्दात ‘मया’ पुढे नुसतं ‘तैन’ दिसलं तरी ते दुसरे बाजीराव, हे कळतं.

नवशिका_मोडी

वाचनखूण साठवली. पण सलास आणि सलासीन, तिसा आणि तिसैन हे मोडीत ओळखायचे कसे? घाईच्या लिखाणात शेवटचा ‘न’ जवळपास गायबच असतो.

मृगसाल

जागेवरून. पहिला शब्द एकं, दुसरा दहं. ‘सलास’ पहिल्या जागी असेल तर तीन, दुसऱ्या जागी असेल तर ‘न’ दिसो न दिसो, तीसच. पहिल्या जागी दहंचा शब्द आला (‘सलासीन मया व अलफ’) तर एकं शून्य, म्हणजे सन ११३०. इथे फसगत होते ती अशी: वाचणारा ‘सलासीन’ ला ‘सलास’ समजतो, दहं नाहीच असं मानतो आणि ११०३ करतो. सत्तावीस वर्षांची तफावत!

खरा घोळ ‘सबैन’ आणि ‘समानीन’ मध्ये आहे. घसरत्या मोडीत ‘ब’ आणि ‘मा’ एकमेकांत मिसळतात. एकं ‘सबा’ आणि ‘समान’ चंही तसंच. अशा वेळी खालची तारीख बघा. ‘छ १३ रमजान’ अशी मुसलमानी महिन्याची तारीख असते (‘छ’ म्हणजे चंद्र) आणि बऱ्याचदा सोबत वार असतो. दोन्ही शक्यतांसाठी वार काढून पाहा. सहसा एकच जुळतो.

आणि एक कळकळीची विनंती. महिने मुसलमानी आहेत म्हणून सनाला हिजरी समजू नका. हिजरी चांद्र, सुहूर सौर. अठराव्या शतकात दोन्हींत अकरा ते चौदा वर्षांचं अंतर पडलंय. पानिपतच्या दिवशी हिजरी ११७४ होतं आणि सुहूर ११६१. सुहूर ११३९ ला हिजरी धरून इसवी काढलं तर वसई १७२६-२७ मध्ये पडते, आणि ११६१ चं तसंच केलं तर पानिपत थोरल्या शाहूंच्या हयातीत १७४८ ला घडतं. छापील पुस्तकांतही ही चूक दिसते, आणि मग ‘या नावाचे आणखी एक सरदार असावेत’ अशी तळटीप येते. नसलेला माणूस त्या तळटिपेतून जन्माला येतो.

थेऊरफाटा

दोन माधवरावांसाठी हेच कोष्टक लावून पाहिलं. थोरले माधवराव जून १७६१ ते १८ नोव्हेंबर १७७२; सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मे १७७४ मध्ये मिळाली, मृत्यू २७ ऑक्टोबर १७९५. म्हणजे ‘सितैन’ असेल तर निःशंक थोरले. ‘समानीन’ किंवा ‘तिसैन’ असेल तर निःशंक सवाई. अडचण फक्त ‘सबैन’ च्या दशकात. ‘सलास सबैन’ (११७३) हे साल जून १७७२ ते जून १७७३. त्यात नोव्हेंबरपर्यंत थोरले माधवराव, पुढे नारायणराव. ‘आर्बा सबैन’ मध्ये ३० ऑगस्ट १७७३ पर्यंत नारायणराव, मग रघुनाथराव, आणि मृगाआधीच्या शेवटच्या दिवसांत सवाई माधवराव, तेही चाळीस दिवसांचं बाळ. एकाच सालात तीन पेशवे, त्यामुळे इथे तारीख वाचल्याखेरीज नाव लिहू नये.

घटनांवरून ओळखायचं तर राक्षसभुवन (१० ऑगस्ट १७६३) थोरल्यांच्या काळातली आणि खर्डा (मार्च १७९५) सवाईंच्या. दोन्ही लढाया निजामाशीच, हे लक्षात ठेवा. ‘माधवरावांनी निजामाचा पराभव केला’ हे वाक्य दोघांनाही लागू पडतं, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे.

वारणाकाठ

कोल्हापूरकडे कुणी बघितलंच नाही. खरा गुंता इथे आहे.

राजारामांची दोन मुलं: ताराबाईंचे शिवाजी (जन्म १६९६) आणि राजसबाईंचे संभाजी (जन्म १६९८). म्हणजे थोरल्या शिवाजी-संभाजींची नावं पुढच्या पिढीत पुन्हा आलीच. त्यातच संभाजी महाराजांच्या मुलाचं मूळ नावही शिवाजीच, तेच पुढे शाहू म्हणून ओळखले गेले. १७०० च्या सुमारास शिवाजी महाराजांचे शिवाजी नावाचे दोन नातू एकाच वेळी हयात होते, एक मोगलांच्या कैदेत आणि एक पन्हाळ्याच्या बाजूला. त्या वर्षांतल्या पत्रात नुसतं ‘शिवाजीराजे’ आलं तर पत्र कुठल्या छावणीतून निघालंय ते आधी पाहा.

पुढे वारणेचा तह (१३ एप्रिल १७३१) शाहू आणि संभाजी यांच्यात झाला. हे संभाजी म्हणजे कोल्हापूरचे, १७६० पर्यंत हयात असलेले. संभाजी महाराज तर ११ मार्च १६८९ लाच गेले होते, आणि शाहू त्यांचेच पुत्र. ‘शाहूंनी संभाजींशी तह केला’ हे वाक्य संदर्भ तोडून कुठे टाकलं की वाचणारा गोंधळतो, त्यात त्याचा दोष नाही. तिथे ‘करवीरकर संभाजी’ असंच लिहायला हवं.

पण सगळ्यात धोक्याची जोडी वेगळीच. या संभाजींच्या पत्नीचं नाव जिजाबाई. १७६२ मध्ये त्यांनी दत्तक घेतला, त्याचं नाव ठेवलं शिवाजी, आणि मुलगा अज्ञान म्हणून कारभार स्वतः पाहिला. म्हणजे मातोश्री जिजाबाई आणि राजे शिवाजी, तीच जोडी एका शतकानंतर पुन्हा. करवीरची एखादी सनद मूळ जिजाऊंची म्हणून मिरवायला याहून सोपी वाट नाही.

यावर उपाय राज्याभिषेक शकाचा. हा शक ६ जून १६७४ ला सुरू झाला आणि जिजाऊंचं निधन पाचाडला १७ जून १६७४ ला झालं. मधे अकरा दिवस! म्हणून जिजाबाईंच्या नावाने निघालेल्या कागदावर राज्याभिषेक शक १ सोडून दुसरा कुठलाही आकडा असेल तर तो जिजाऊंचा नाही, याला अपवाद नाही. करवीरच्या जिजाबाईंच्या कागदांवर हा आकडा ऐंशी-नव्वदच्या घरात असतो: राज्याभिषेक शकात १६७३ मिळवा (डिसेंबरनंतरच्या तारखेला १६७४), ८९ म्हणजे १७६२.

दफ्तरखाना

वारणाकाठ, अकरा दिवसांचा मुद्दा अप्रतिम. वहीत टिपून ठेवला.

शके_सोळाशे

इंग्रजीतल्या रोमन आकड्यांवर लिहायचंच आहे. ‘दुसरे शिवाजी’ म्हटलं की मराठा छत्रपतींच्या यादीत ते ताराबाईंचे पुत्र. कोल्हापूरच्या यादीत मात्र मोजणी ताराबाईंच्या पुत्रापासून सुरू होते, म्हणून तिथे ‘दुसरे शिवाजी’ म्हणजे जिजाबाईंनी दत्तक घेतलेले, १७६२ ते १८१३. मग तिसरे १८३८ ते १८६६, चौथे १८७१ ते १८८३, हे चौथे अहमदनगरला इंग्रजांच्या ताब्यात असताना वारले. एकाच ‘दुसरे’ या शब्दाने साठ वर्षांच्या अंतरावरचे दोन राजे दाखवले जातात.

राजारामांचं असंच. ‘दुसरे राजाराम’ साताऱ्याचे म्हटले तर रामराजा (१७४९ ते १७७७), कोल्हापूरचे म्हटले तर जे युरोपहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लोरेन्सला वयाच्या विसाव्या वर्षी गेले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, तिथे छत्री उभी आहे आणि जवळच्या पुलाचं नावच ‘इंदियानो’ पडलंय. त्या छत्रीच्या फोटोखाली ‘शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम’ लिहिलेलं पाहिलं की वाईट वाटतं. ते तर १७०० मध्ये सिंहगडावर गेले.

माझा आग्रह एवढाच: मराठीत लिहिताना ‘पहिले-दुसरे-तिसरे’ वापरूच नका. गादी आणि साल लिहा. ‘शिवाजी (करवीर, १७६२–१८१३)’. चार अक्षरं जास्त लागतात, पण गोंधळ उरत नाही.

कागलवाट

तीन शाहूंबद्दल थोडक्यात, कारण शाळेच्या प्रकल्पांत ही चूक सर्रास दिसते.

साताऱ्याचे शाहू: जन्म १६८२, राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८, मृत्यू १५ डिसेंबर १७४९. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद (१७१३) यांनी दिलं. साताऱ्याचे दुसरे शाहू: रामराजांचे दत्तक, १८०८ पर्यंत, प्रतापसिंहांचे वडील. कोल्हापूरचे राजर्षी शाहू: जन्म २६ जून १८७४, मूळ नाव यशवंतराव घाटगे, कागलचे, दत्तक १७ मार्च १८८४, राज्यकारभार हाती आला २ एप्रिल १८९४, मृत्यू ६ मे १९२२. पन्नास टक्के राखीव जागांचा १९०२ चा आदेश यांचा.

तिसऱ्यांचे कागद ओळखणं सोपं. तारखा इसवी असतात. पंचाईत होते ती पहिल्या दोघांची.

बारामतीकर_पुराणिक

टोपणनावांचा विषय राहिलाच. अठराव्या शतकातल्या पत्रात खरं नाव क्वचित येतं, घरगुती नाव येतं.

‘नाना’ घ्या. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव (१७२०–१७६१). नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू (१७४२–१८००). दोघंही नाना आणि दोघंही बाळाजी! सत्तावन्नचे नानासाहेब मात्र धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक. पहिल्या दोघांचा काळ १७६१ पर्यंत एकमेकांवर पडतो, पण तेव्हा फडणवीस एकोणीस वर्षांचे, त्यामुळे त्या आधीच्या पत्रातले अधिकारवाणीने बोलणारे ‘नाना’ पेशवेच धरावेत. १७६१ नंतरच्या कागदात ‘नाना’ जिवंत असतील तर फडणवीस किंवा पुरंदऱ्यांपैकी कुणी.

‘रावसाहेब’ हेही असंच. थोरल्या माधवरावांना रावसाहेब म्हणत, सत्तावन्नात पांडुरंगरावांनाही. ‘राऊ’ म्हणजे थोरले बाजीराव, ‘रावबाजी’ म्हणजे दुसरे. अक्षरं फिरली की माणूस बदलतो.

आणि ‘थोरले’ हा शब्द. तो आपण आज ज्या अर्थाने वापरतो तसा त्या काळच्या कागदात चिकटलेला नाही. लिहिणारा कोण आणि कधीचा, यावर थोरले कोण हे ठरतं. ‘थोरले कैलासवासी स्वामी’ म्हणजे बऱ्याचदा शिवाजी महाराज असतात. ‘कैलासवासी’ शब्दाचा एक फायदा आहे: ज्याच्यामागे तो लागला तो माणूस कागद लिहिण्याच्या दिवशी हयात नव्हता, एवढं नक्की. तेवढ्यानेही अर्धी नावं गळतात.

मृगसाल

भर: वडिलांच्या नावाची खूण दत्तकात उलटते. चिमणाजी आप्पा दुसरे हे रघुनाथरावांचे पुत्र. पण १७९६ मध्ये त्यांना सवाई माधवरावांच्या विधवा पत्नीच्या मांडीवर दत्तक देऊन काही महिने पेशवे केलं, तेव्हा ते ‘चिमणाजी माधवराव’ झाले. ज्याला नात्याने पुतण्या म्हणायचं त्याचाच मुलगा! त्या काही महिन्यांचा कागद आला तर वाचणारा माधवरावांचा चिमणाजी नावाचा वेगळा मुलगा शोधत बसतो. सवाईंना मूल नव्हतं.

सदाशिवराव भाऊ ‘सदाशिव चिमणाजी’, रघुनाथराव दादा ‘रघुनाथ बाजीराव’. ही नावं मात्र जन्माची आहेत, तिथे शंका नको.

गडवाट

शिवकाळातल्या ‘बाजी’ नावाबद्दल कुणी बोललं नाही. बाजी पासलकर, बाजी प्रभू देशपांडे (पावनखिंड, १६६०), कान्होजी जेध्यांचे पुत्र बाजी, आणि मुधोळचे बाजी घोरपडे. शेवटच्यांनी तर १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यात भाग घेतला. पुरंदरचे मुरारबाजी देशपांडे (१६६५) आणि बाजी प्रभू देशपांडे यांची सरमिसळ तर रोजची: दोघंही देशपांडे, दोघंही गड-खिंड लढवत पडले, मधे पाचच वर्षं. इथे साल फारसं कामाला येत नाही, शत्रू बघा. सिद्दी जौहर आला की बाजी प्रभू, दिलेरखान आला की मुरारबाजी.

संभाजी नावातही तीच गत. अफजलखानाच्या प्रसंगातले संभाजी कावजी आहेत. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी वेगळे, ते कनकगिरीला पडले. ‘संभाजीराजे कनकगिरीला मारले गेले’ हे वाचून कुणी तुळापूर खोटं ठरवायला निघतं, म्हणून लिहिलं.

तंजावूरवारी

तंजावरच्या शाखेची नावं एकदा लिहूनच टाकतो. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (१६८४–१७१२) हे कवी-नाटककार, शिवाजी महाराजांचे वडील शहाजी नव्हेत. दोन सरफोजी: पहिले १७१२ ते १७२८, दुसरे १७९८ ते १८३२. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा प्रचंड मराठी शिलालेख कोरवला ते दुसरे. हे नाव शरीफजींवरून आलं, म्हणजे शहाजींचे धाकटे भाऊ, जे १६२४ मध्ये भातवडीला पडले. शेवटचे राजे पुन्हा शिवाजी (१८३२–१८५५). प्रतापसिंह तंजावरलाही होते (१७३९–१७६३) आणि साताऱ्यालाही (१८०८–१८३९).

तमिळ उच्चारात सरफोजी ‘सरभोजी’ होतात, आणि व्यंकोजींना ‘एकोजी’ही म्हणतात. ही वेगळी माणसं नव्हेत. एकाच माणसाची दोन माणसं होणं हाही याच दुखण्याचा भाग आहे.

शके_सोळाशे

त्यावरून तारखांचं आठवलं. वसई पडल्याची तारीख कुठे ५ मे तर कुठे १६ मे १७३९ दिसते. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळली, पोर्तुगीज आधीपासून नवी पाळत होते. अठराव्या शतकात फरक अकरा दिवसांचा. मुंबईकर इंग्रज आणि वसईचे पोर्तुगीज एकाच दिवसाला वेगळ्या तारखा लिहीत. दोन तारखा दिसल्या म्हणून दोन घटना किंवा दोन सरदार मानू नका, आधी अकरा वजा करून बघा.

अभंगवही

संतवाङ्मयातलं एक उदाहरण, कारण तिथे शिक्काही नाही आणि सनही नाही. संत नामदेव (१२७०–१३५०) आणि विष्णुदास नामा. दुसरे एकनाथांच्या काळातले, महाभारत ओवीत आणणारे. नामदेवांच्या गाथेत दोघांच्या रचना मिसळल्या आहेत.

‘विष्णुदास नामा’ अशी मुद्रिका (रचनेत गुंफलेलं कवीचं नाव) दिसली की ती दुसऱ्यांची, असा सोपा नियम लावतात. तो टिकत नाही, कारण विष्णूचा दास हे विशेषण नामदेवांच्या रचनांतही येतं. त्यापेक्षा मजकूर तपासा. १३५० नंतरच्या माणसाचा किंवा घटनेचा उल्लेख असेल तर ती रचना नामदेवांची नाही. भाषेत फारसी शब्दांची गर्दी असेल तर संशय घ्या, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका: नक्कल करणारे जुन्या शब्दाच्या जागी आपल्या काळचा शब्द बिनदिक्कत घालत आले आहेत.

पाटणदेवी

गणितातलं. भास्कराचार्य दोन. पहिल्यांनी इ. स. ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिलं. दुसरे लीलावतीचे, आणि त्यांनी वाद संपवायची सोय स्वतःच करून ठेवली: जन्मशक ‘रसगुणपूर्णमही’ या शब्दांत दिलाय. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १, आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे, म्हणजे शके १०३६, इ. स. १११४. डावीकडून वाचलं तर ६३०१ येतं, आणि तेव्हाच कळायला हवं की काहीतरी चुकलं.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात (१२०७) त्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचं त्यात आहे. त्याच वंशावळीत काही पिढ्या आधी भोजराजाने गौरवलेले एक भास्करभट्टही आहेत. एकाच दगडावर दोन भास्कर. लेखातली ओळ उद्धृत करताना ‘महेश्वराचे पुत्र’ हे शब्द सोडू नका.

नवशिका_मोडी

मग मी स्कॅन केलेल्या कागदांना नावं कशी देऊ? आत्ता ‘बाजीराव_०१’, ‘बाजीराव_०२’ अशी आहेत.

दफ्तरखाना

इसवी साल आधी, मग गादी किंवा गाव, मग नाव वडिलांसकट, शेवटी कागदातला सन जसा आहे तसा. ‘१८०२_पुणे_बाजीराव-रघुनाथ_सु-सलास-मयातैन’. साल पक्कं नसेल तर तिथे अंदाज भरू नका, ‘०००० ’ ठेवा. कारण एकदा फाइलीच्या नावात १७३९ पडलं की पुढचा माणूस मूळ कागद उघडून बघत नाही. आणि कागदात नुसतं ‘बाजीराव’ असेल, वडिलांचं नाव तुम्ही ठरवलं असेल, तर ते कंसात घाला: ‘बाजीराव-(रघुनाथ)’. कागदाने काय सांगितलं आणि तुम्ही काय ठरवलं, हे वेगळं दिसलं पाहिजे.

मृगसाल

दफ्तरखाना, ‘०००० ’ मध्ये शून्यांनंतर एक मोकळी जागा पडली आहे तुमच्याकडून. फाइलीच्या नावात ती राहिली तर यादी लावताना क्रम बिघडतो. ‘००००’ सलग लिहा.

दफ्तरखाना

बरोबर. नवशिका_मोडी, ‘००००_पुणे_बाजीराव’ असं सलग लिहा. आणि त्या दोन कागदांत शेकड्याचा शब्द ‘मया’ आहे की ‘मयातैन’, तेवढं पाहून इथेच सांगा.